भुलीची गुळगुळीत नोंद

संभाजीनगरला लोक लेणी बघायला जातात. मी एक संगणकप्रणाली बघायला गेलो आणि अजिंठ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन लेणी न बघताच परत आलो. हे घरी सांगितल्यापासून बायको माझ्याशी जरा तुटकच बोलते आहे. निदान वाचकांना तरी सगळं नीट सांगावं, म्हणून लिहायला बसलो.

मी कोल्हापूरचा. आयुष्यभर भूल देण्याचं काम केलं. आमच्या धंद्याची गंमत अशी की झोपण्याआधी पेशंट शेवटचं तोंड आमचं बघतो आणि बरा झाल्यावर पेढे सर्जनला देतो. निवृत्त झाल्यावर तर आमची आठवण कुणालाच राहत नाही. म्हणून माझी जुनी विद्यार्थिनी अनुराधा पाटोदेकर हिचा फोन आला, तेव्हा मला जरा जास्तच आनंद झाला. ती संभाजीनगरच्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे.

"सर, आमच्याकडे भुलीची नोंद आता डिजिटल होतेय. दोन कंपन्या आल्यात. मालकांना एक पसंत आहे, मला दुसरी. ते म्हणतात, बाहेरचा कुणी जाणता माणूस बोलवा. याल का?"

जाणता म्हटल्यावर मी बॅगच भरायला घेतली.

ही नोंदीची भानगड काय, ते आधी सांगतो. ऑपरेशन चालू असताना पेशंटचा रक्तदाब, नाडी, श्वास हे सगळं थोड्या थोड्या वेळानं लिहून ठेवायचं असतं. इतकी वर्षं ते हातानं कागदावर लिहिलं जायचं. मधेच दाब घसरला तर भूलतज्ज्ञ आधी औषध देतो, लिहितो नंतर. सगळं निवळल्यावर लिहिलेले आकडे निवळलेलेच असतात. अशा कागदांची चळत चाळली तर कुणालाही वाटेल की माणूस ऑपरेशनच्या टेबलावर जितका निवांत असतो, तितका घरी सोफ्यावरसुद्धा नसतो.

यंत्राला ही रीतभात नाही. मॉनिटरवर जे येईल ते टिपून ठेवायचं, एवढंच त्याला कळतं. म्हणूनच या यंत्रांना सध्या गावोगावच्या रुग्णालयांत फार मागणी आहे, असं मी ऐकून होतो. मागणी नेमकी कशाला आहे, हे तिथं गेल्यावर कळलं.

जालना रोड

दुष्काळाचं लागोपाठ दुसरं साल होतं. स्टेशनवर मला घ्यायला रुग्णालयानं शफीकभाई नावाच्या टॅक्सीवाल्याला पाठवलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या नव्या इमारती उभ्या होत्या, आणि प्रत्येक इमारतीसमोर एक टँकर. मी सहज विचारलं, इथं पाणी कसं काय आहे?

"पानी का पूछो नक्को साब," शफीकभाई म्हणाला. "बिल्डिंगां कित्ते भी गिनो, नल में हवाच है. वो हवा बी हफ्ते में एकीच बार आती."

आमच्याकडे पावसाळ्यात नदी आपणहून गावात येते आणि लोक तिला परत जा म्हणून विनवतात. त्यामुळे मला त्याचं बोलणं जरा रंगवलेलं वाटलं. हॉटेलवर गेलो, अंघोळीला उभा राहिलो, डोक्यापासून पायापर्यंत साबण लावला आणि शॉवर खोकून गप्प झाला. टॉवेल गुंडाळून, मिटल्या डोळ्यांनी मी दारातून हाका मारल्या. हॉटेलचा माणूस सावकाश आला.

"काल सांगितलं व्हतं ना साहेब, आधी बादली भरायची, मंग साबण लावायचा."

"मी काल इथं नव्हतोच!"

"मंग उद्या ध्यानात ठेवा," म्हणून त्यानं अर्धी बादली आणून दिली. त्या अर्ध्या बादलीत मी जो संयम शिकलो, तो इतक्या वर्षांच्या नोकरीत शिकलो नव्हतो.

रुग्णालय मात्र डोळे दिपवणारं होतं. स्वागतकक्षात दोन मजले उंचीचा कृत्रिम धबधबा होता, अर्थात कोरडा, आणि त्याच्यावर 'पाणी वाचवा' अशी पाटी होती. वरच्या मजल्यावरच्या सिस्टर खिडकीतून खाली बघून "टँकर आला!" असं ओरडायच्या, मगच पहिला पेशंट ऑपरेशन थिएटरात जायचा. आमच्याकडे ऑपरेशनं सर्जनसाठी खोळंबतात. इथं सर्जन हात पुढे करून टँकरसाठी खोळंबले होते.

मालक डॉ. वैजापूरकर स्वतः सर्जन. उमदा, गप्पिष्ट माणूस. जेवू घालण्यात हात सढळ. पहिल्याच दुपारी त्यांनी शहागंजातून नान-खलिया मागवला. पिवळसर रश्श्यातलं मऊ मटण आणि हाताएवढा नान. तांबड्या रश्श्याशी बेइमानी करायची नाही असं घरून ठरवून निघालो होतो, ते पहिल्या घासाला मोडलं. वैजापूरकरांना एकच खोड होती. कुठल्याही गोष्टीबद्दल ते आधी विचारायचे, "कसं दिसतंय?" इमारतीबद्दल, धबधब्याबद्दल, नव्या चष्म्याबद्दल. खलियाबद्दलही त्यांनी तेच विचारलं.

जेवणानंतर कुलथे नावाच्या गृहस्थांनी पडदा लावला. मालकांना पसंत असलेल्या कंपनीचे हे विभागीय व्यवस्थापक. पन्नाशीचे, गळ्यात टाय, आवाजात मध.

"आमची खासियत म्हणजे स्मूथ," ते म्हणाले. "आकडा उगाच वरखाली झाला की आमची प्रणाली त्याला समजून घेते आणि मधला मार्ग काढते. आकडा आलाच नाही तर पोकळी भरून काढते. शिवाय तुमच्याच रुग्णालयाचे जुने, हातानं लिहिलेले कागद आम्ही तिला शिकवलेत. त्यामुळे नोंद अगदी घरची वाटेल. आणि हे सगळं एका बटणावर!"

म्हणजे सगळं निवळल्यावर लिहिलेले ते सुंदर कागद यंत्राला वाचायला दिले होते आणि माणसाचं शरीर असंच चालतं, हे त्याला पटवलं होतं. यंत्र खरं बोलतं म्हणून विकत घ्यायचं आणि घरात घेण्यापूर्वी त्याला आपल्या वळणावर आणायचं! मी मनातल्या मनात कुलथ्यांना नमस्कार केला. गिऱ्हाइकाला काय हवंय, हे त्यांना गिऱ्हाइकाच्या आधी कळलं होतं.

"सर, आकडा कधी कधी खोटा येतो, हे मला मान्य आहे," अनुराधा मला म्हणाली. "सर्जन दंडावरच्या पट्ट्यावर रेलला की दाब भलताच दिसतो. तो खोडायची सोय दुसऱ्या कंपनीतही आहे. पण तिथं मूळ आकडा खाली राहतो आणि का खोडला ते लिहावं लागतं. हिच्यात काही खोडलं होतं, हेच कुणाला कळत नाही. उद्या पेशंट बिघडला, तर पुढच्या डॉक्टरनं काय वाचायचं?"

"अगं, रुग्णालय तपासायला मानांकनवाले यायचेत," वैजापूरकर म्हणाले. "त्यांच्यापुढं वेडेवाकडे आलेख ठेवायचे? कसं दिसंल ते?"

"मग खाली सही तुम्ही करा, साहेब. मी न बघितलेल्या दाबाखाली माझं नाव घालणार नाही."

"मंग सही करणारा दुसरा बघावा लागंल," वैजापूरकर हसत म्हणाले.

ते हसले म्हणून मी सवयीनं हसलो, पण अनुराधा हसली नाही. हे थिएटर उघडलं त्या दिवसापासून ती तिथं होती. कुठलं यंत्र कुठं ठेवायचं, कुठल्या सिस्टरला काय शिकवायचं, सगळं तिनं उभं केलेलं. ते सगळं एका बटणापायी तिच्या हातातून जायची वेळ आली होती. मला त्या माणसाचा रागच आला. पण त्याच्याच नान-खलियाचा ढेकर येत असताना रागावणं अवघड जातं. कुलथ्यांच्या कंपनीचं फर्दापूरला चर्चासत्र आहे, ते बघून मत सांगतो, असं म्हणून मी वेळ मारून नेली.

खुलताबादच्या घाटात

मधला एक दिवस मोकळा होता. शफीकभाईनं मला खुलताबादला नेलं. दर्ग्यात जाऊन आलो, वेशीपाशी चहा घेतला. उतरताना घाटात एक टँकर पंक्चर होऊन उभा होता आणि त्याच्या गळत्या नळाखाली मेंढरांची झुंबड उडाली होती. मेंढरांची मालकीण, एक म्हातारी, ड्रायव्हरशी तावातावानं भांडत होती. तिचं म्हणणं, नळ गळतोयच तर जरा नीट गळू दे. ड्रायव्हरनं शेवटी नळ अर्धा वळसा सोडला. मेंढरं प्यायली, म्हातारी माझ्याकडे वळली.

"कुठले?"

"कोल्हापूर."

"तिकडं पाणी लई हाय म्हणं."

"आहे खरं."

"मंग हिकडं कशाला आलाव?"

 मी भुलीचा डॉक्टर आहे, कामासाठी आलोय, असं सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मंजी कापत नाय तुमी?"

"नाही. मी झोपवतो."

"आन् उठवतं कोन?"

"मीच."

"व्हय का. मंग बरंय." तेवढ्यात एक मेंढी रस्त्यावर धावली. म्हातारीनं तिला दोन शिव्या हासडल्या आणि परत बोलायला लागली. ती देवगाव रंगारीकडची. तिच्या सुनेचं ऑपरेशन शहरात कुठल्याशा काचेच्या दवाखान्यात झालं होतं. "ल्योक इचारायला गेला, येवढा वेळ शुद्धीवर का येईना? तर त्येंनी कागुद दाखिवला. कागदावर समदं बेस व्हतं. सून तेवढी बेस नव्हती."

"आता कशी आहे?"

"आता कशानं काय हुतंय तिला! माझ्यावर वरडती की." म्हातारी खळखळून हसली आणि मेंढरं हाकत उतारावर गेली. मी गाडीत बसलो तेव्हा अनुराधाचा प्रश्न मला जरा जास्त नीट समजला होता.

फर्दापूर

कंपनीच्या चर्चासत्राचा विषय होता 'सत्यनिष्ठ नोंदी'. जागा, फर्दापूरचं एक रिसॉर्ट. तिथून अजिंठा अगदी हाकेच्या अंतरावर. सगळीकडे करपलेलं रान आणि मधे हे रिसॉर्ट, हिरवळीचं, कारंज्याचं. त्यांची बोअर म्हणे अजून आटली नव्हती. शहरातले डॉक्टर आपापल्या गाड्या घेऊन आले होते. मी, अनुराधा आणि वैजापूरकर एकाच गाडीतून गेलो. वाटेत त्या दोघांचं संभाषण "काच खाली करू का?" आणि "नको," एवढंच झालं.

सत्यावर तीन भाषणं झाली. मग कुलथ्यांनी प्रात्यक्षिकासाठी सभेतून एक पेशंट मागितला. पहिल्या रांगेत रिकामटेकडा मीच होतो. मला व्यासपीठावर खुर्चीत बसवलं, दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला, बोटाला नाडीचा चिमटा लावला, आणि माझ्या मागच्या मोठ्या पडद्यावर माझी रेष सुरू झाली. कुलथे बोलत राहिले. एवढ्यात बाजूच्या टेबलावर मिरचीची भजी येऊन पडली, गरम, वास थेट व्यासपीठावर येणारी. पट्टा दर थोड्या वेळानं दंड आवळत होता आणि कुलथे थांबायची लक्षणं नव्हती. मी हळूच पट्टा सोडला, चिमटा काढून खुर्चीवर ठेवला आणि भज्यांकडे गेलो.

दुसरं भजं तोंडात असताना मी पडद्याकडे पाहिलं. माझी रेष चालूच होती. एकशे वीस, ऐंशी. नाडी संथ. रोज गोळी घेऊनसुद्धा माझा दाब इतका चांगला कधी आलेला नाही. खुर्चीत कुणीही नव्हतं आणि खुर्चीची तब्येत उत्तम होती.

सभेत कुजबुज झाली. कुलथ्यांनी मागं वळून पाहिलं, त्यांचा मध क्षणभर घट्ट झाला. पण वैजापूरकरांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"बघा! पेशंट उठून गेला तरी नोंद बिघडत नाय!" ते कौतुकानं म्हणाले, आणि मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. तिथल्या तिथं दोन रुग्णालयांनी चौकशीला नावं दिली.

अनुराधा भज्यांच्या टेबलापाशी आली. "सर, तुम्ही उठून इथं आलात," ती हळू आवाजात म्हणाली. "टेबलावरचा पेशंट उठून कुठं जातो, ते तुम्हाला माहीत आहे."

माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं. त्या क्षणी मी ठरवलं, परत गेल्यावर मालकांना स्पष्ट सांगायचं, खलिया गेला खड्ड्यात.

जेवण खानदेशी वळणाचं होतं, शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. झणझणीत. आम्ही कोल्हापूरकर तिखटाबद्दल उगाच मिजास करतो, हे शेवभाजीच्या तिसऱ्या वाटीला मान्य केलं. जेवणानंतर लेणी बघायचा बेत होता. मी टोपी-बिपी घालून तयार होऊन बाहेर आलो, तर गाड्यांपाशी वेगळीच गर्दी.

सगळ्या डॉक्टरांनी डिक्या उघडल्या होत्या आणि प्रत्येकाच्या डिकीत पाण्याचे रिकामे जार होते. हृदयरोगतज्ज्ञ, हाडवैद्य, मेंदूचे सर्जन, सगळे रिसॉर्टच्या बोअरच्या नळापाशी ओळीनं उभे. मला वाटलं होतं ही मंडळी सत्यनिष्ठ नोंदींसाठी शंभर किलोमीटर आली. ती आली होती पाण्यासाठी. "माझा नंबर आधी होता," म्हणून दोन नामांकित सर्जनांची नळावर बाचाबाचीही झाली. इथं ही पद्धतच पडून गेली होती. गावाबाहेर कुठंही जायचं तर जार बरोबर. लग्नाला, बारशाला, चर्चासत्राला. यजमानही आमंत्रण देतानाच पाणी आहे म्हणून सांगायचे.

वैजापूरकरांनी रिसॉर्टच्या गड्याला बाजूला सारलं. "तू सांडशील," म्हणाले, आणि भरलेला जार स्वतः उचलून डिकीत ठेवला. मग दुसरा. तिसऱ्याला ते वाकले ते तसेच राहिले. जांघेपाशी हात दाबून धरलेला, चेहरा पांढरा.

"काही नाय," ते म्हणाले. "जुना हर्निया हाय. आत ढकलला की जातो."

या वेळी तो आत गेला नाही.

परतीची वाट

लेणी राहिली. सिल्लोडच्या पुढं वैजापूरकरांना उलट्या सुरू झाल्या. आतडं हर्नियात अडकून पिळलं गेलं होतं. हे ते स्वतः कुठल्याही विद्यार्थ्याला झोपेत सांगू शकले असते. गाडीत आता कुणी काच खाली करण्याबद्दल बोलत नव्हतं. अनुराधानं त्यांचं डोकं मांडीवर धरलं होतं. तिनं फोनवरून थिएटर तयार ठेवायला सांगितलं आणि टँकर आलाय का, तेही विचारलं. आला होता.

ऑपरेशन त्यांचा पुतण्या करणार होता. तोही सर्जन. भूल अनुराधा देणार. तिनं मला "सर, नुसते उभे राहा," म्हणून आत नेलं. पोट शेवभाजीनं भरलेलं, उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं, वय साठीचं. अशा माणसाला पूर्ण भूल देणं म्हणजे जिवाशी खेळ. पोटातलं फुफ्फुसात जाऊ शकतं, दाब धाडकन कोसळू शकतो. हे अनुराधाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पेशंटलाही माहीत होतं.

वैजापूरकर टेबलावर आडवे झाले. दंडाला पट्टा, बोटाला चिमटा. कुलथ्यांची प्रणाली तिथं तपासणीसाठी आधीच जोडलेली होती. मॉनिटरशेजारचा तिचा मोठा पडदा लागला आणि त्यावर त्यांची रेष उमटली. बाजूच्या मॉनिटरवर त्यांची नाडी धावत होती. पडद्यावर मात्र ती बागेत फिरायला निघाल्यासारखी चालली होती. वैजापूरकरांनी एकदा मॉनिटरकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे पाहिलं.

"अनुराधा, त्ये स्मूथ चालू हाय का?"

"हो साहेब. तुम्हीच चालू ठेवायला सांगितलं होतं."

त्यांनी पुन्हा मॉनिटरकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "बंद कर." आणि पुढं आणखी हळू, "माझ्यापुरतं."

मी आयुष्यात माणसांच्या शेवटच्या शुद्धीतली पुष्कळ वाक्यं ऐकली आहेत. कुणी देवाचं नाव घेतं, कुणी बायकोचं. इतकं प्रामाणिक वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

अनुराधानं औषधाची सिरिंज हातात घेतली होती. ती थांबली.

"माझ्यापुरतं असं बटण त्यात नाही, साहेब. सगळ्यांसाठी चालू, नाहीतर सगळ्यांसाठी बंद."

असं बटण खरंच नव्हतं की तिला ते ठेवायचं नव्हतं, मला ठाऊक नाही. टेबलावरच्या माणसाला अशा वेळी असं अडवून धरणं बरोबर का, असंही कुणी विचारील. मी त्या वेळी छताकडे बघत होतो.

"कसं दिसंल त्ये..." वैजापूरकर पुटपुटले, पण सवयीनं. वाक्य पुरं केलं नाही.

"बंद करू?"

"कर."

"सगळ्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी, बाई. कर आता."

तिनं बटण दाबलं. पडद्यावरची रेष दचकून उभी राहिली आणि मॉनिटरवरच्या नाडीबरोबर धावायला लागली. मग अनुराधानं मास्क लावला, औषध दिलं आणि साहेब झोपले.

दाब कोसळलाच. धाडकन, आम्हाला वाटलं होतं त्याहून खाली. अनुराधाचे हात मी पुन्हा बऱ्याच वर्षांनी बघत होतो. सलाईन, औषध, परत औषध, एक नजर मॉनिटरवर, एक पेशंटच्या ओठांवर. पुतण्यानं आतडं सोडवलं, ते काळपट पडलं होतं, पण हळूहळू गुलाबी झालं. दाब चढला, परत घसरला, परत चढला. पडद्यावर यातलं काहीही गाळलं जात नव्हतं.

साहेब जागे झाले तेव्हा आवाज बसलेला होता. पहिलं वाक्य बायकोबद्दल नव्हतं, की रुग्णालयाबद्दल नव्हतं.

"किती खाली गेलं व्हतं?"

अनुराधानं पडदा त्यांच्याकडे वळवला. सगळी रेष समोर होती, खड्डे, चढ, पुन्हा खड्डा, कुणी मुद्दाम नासवल्यासारखी. वैजापूरकर बराच वेळ त्या मोठ्या खड्ड्याकडे बघत राहिले. ती कशी दिसते, हे त्यांनी कुणालाही विचारलं नाही.

मग अनुराधानं पडदा परत आपल्याकडे घेतला आणि त्या खड्ड्यांच्या खाली बोटानं सही केली. पूर्ण नाव लिहिलं.